न चावणारा जोड

नवा जोड पायाला चावतो आणि तो चावलाच पाहिजे, अशी माझी पक्की समजूत होती. सुरुवातीला तो टाचेमागे सोलतो, करंगळीवर फोड आणतो. आपण पट्ट्याला आतून खोबरेल चोळायचं, कापूस दडपायचा, घरातल्या घरात मोजे घालून फेऱ्या मारायच्या आणि मनातल्या मनात दुकानदाराचा उद्धार करायचा. मग एके दिवशी तो निमूटपणे आपला होतो. ‘चावल्याशिवाय जोडा पायाचा होत नाही,’ असं आई म्हणायची, आणि तिच्या ज्या थोड्या गोष्टी मला लहानपणापासून पटत आल्या त्यातली ही एक होती.

आमच्या कोलशेतच्या घरी पलंगाखाली असे माझे झालेले बरेच जोड आहेत. सगळे एकाच वळणाचे. जुन्या काळी बायका नवऱ्यासोबत फोटो काढायला स्टुडिओत जाताना घालत असतील तसे: पुढून गोल, मधोमध एक उभा पट्टा, घोट्यापाशी छोटंसं बकल आणि खाली बुटकी, रुंद टाच. एक मोतिया, दोन-तीन चॉकलेटी, एक डाळिंबी, एक असा की पुढे पांढरा आणि मागे तपकिरी. पलंगाखालून झाडू फिरवताना नवरा दरवेळी विचारतो, “गोम आहेस का गं तू?” मी दरवेळी सांगते, की हौसेला मोल नसतं आणि झाडू नीट कोपऱ्यापर्यंत जाऊ दे.

लोकांना उन्हाळा म्हटलं की आंबा आठवतो. मला मलमल आठवते. होळी झाली की मी वरच्या कप्प्यातून ठिपक्यांचे घेरदार फ्रॉक, फुग्याच्या बाह्यांचे ब्लाउज आणि बारीक फुलांच्या सुती साड्या काढते, कडक इस्त्री करून आणते आणि पुढचे तीन महिने मी कोणीतरी वेगळीच बाई असते. पावसाळ्यात हे जोड बाहेर काढायची सोय नाही आणि थंडी ठाण्यात येता येता परत जाते, त्यामुळे माझ्या पायांचं वर्ष म्हणजे उन्हाळाच. घोडबंदर रोडवरच्या आमच्या ऑफिसात सगळ्या जणी साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज घालून येतात आणि वर मला ‘कम्फर्ट’ या विषयावर ज्ञान देतात. ‘कम्फर्ट’ हा शब्द कानावर पडला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. घरातल्या गाऊनलाही कम्फर्ट असतो, म्हणून तो घालून कोणी लग्नाला जात नाही.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की गेल्या उन्हाळ्यात घेतलेला जोड पहिल्या दिवसापासून मला चावला नाही. मला तेव्हाच धास्तावायला हवं होतं. मला आनंद झाला.

मला शुगर आहे. चाळिशी ओलांडता ओलांडता निघाली. आमच्या आईच्या माहेरून जमीनजुमला काही आला नाही, शुगर मात्र सगळ्यांना सारखी वाटून आली. कल्याणच्या मामाला ती होतीच. हा मामा म्हणजे चालणारा माणूस. भाजी आणायला निघाला तरी खाडीपर्यंत जाऊन यायचा. एकदा नव्या चपलेनं त्याच्या अंगठ्याला फोड आला. मामी मागे लागली तर म्हणाला, “अगं, दुखत नाही, मग कशाला डॉक्टर?” आधी अंगठा गेला, मग अर्धं पाऊल गेलं, मग गुडघ्याखाली काही उरलं नाही. शेवटची काही वर्षं तो गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा आणि खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय बघायचा. चेहरे नाही, पाय. मी खालून हात केला तरी त्याचं लक्ष आधी माझ्या सँडलकडे जायचं.

तेव्हापासून आईचा डोंबिवलीहून येणारा प्रत्येक फोन एकाच प्रश्नानं संपतो. “पाय बघितलेस?” मी म्हणायचे, हो, बघितले. बघायचेही, पण नेलपेंट उडालंय का ते बघायला. माझंही पाऊल मामाच्या वाटेनं जाऊ शकतं ही भीती आम्हा दोघींनाही होती. ती बोलून दाखवायची, मी चिडून दाखवायचे, एवढाच काय तो फरक. गोळ्या मी घेत होते, म्हणजे आठवण झाली की घेत होते. आणि माझा हिशेब साधा होता: काही बिघडलंच तर दुखेल, आणि दुखलं की बघू.

दुखत काहीच नव्हतं.

फाल्गुनात एकदा मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते. नवरा पाणी प्यायला आला आणि माझ्या पायांकडे बघून हसायला लागला. “अगं, तुझी एक स्लिपर कुठे गेली?” मी खाली बघितलं तर डाव्या पायात स्लिपर आणि उजवा पाय अनवाणी. घरभर शोधली तेव्हा ती बाल्कनीच्या दारापाशी मिळाली. म्हणजे तिथून स्वयंपाकघरापर्यंत मी एक पाय मोकळा घेऊन आले होते, कणीक मळली होती, अर्ध्या पोळ्या लाटल्या होत्या, आणि मला पत्ता नव्हता. तो म्हणाला, “मॅडम आता हवेतच चालतात.” मी पण हसले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं, तेव्हा मात्र मी त्याच्यावर खेकसले आणि त्यानं विषय सोडला.

मग चैत्राच्या तोंडावर डोंबिवलीला आईकडे गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या होत्या. भर दुपार. मी नवा निळ्या ठिपक्यांचा फ्रॉक घालून गेले होते आणि सँडल गच्चीच्या पायऱ्यांवर काढून ठेवले होते, पापड्यांचा चिकटा लागायला नको म्हणून. प्लास्टिकच्या कडेकडेनं अनवाणी फिरत मी पापड्या उलटत होते. आई रबरी चपला घालूनही पाय उचलत उचलत चालत होती.

“अगं, चपला घाल, पाय भाजतील,” ती म्हणाली.

“कुठे काय भाजतंय? कोमट तर आहे.”

माझी वहिनी, म्हणजे धाकट्या भावाची बायको, सावलीत बसून होती. तिला खरं वाटेना. तिनं चपलेतून पाऊल काढून उन्हातल्या लादीवर टेकवलं आणि किंचाळून मागे घेतलं. “ताई, तुम्ही माणूस आहात ना नक्की?”

मला फुशारकीच वाटली. एवढी वर्षं टाचांवर उभं राहून पाय कसलेले आहेत, असं मी तिला ऐकवलं, स्पोर्ट्स शूजवाल्यांना नाही जमायचं ते. वहिनी हसली. आई हसली नाही. ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती, खाली बघत होती. नंतर चहाच्या वेळी ती म्हणाली, “मामालाही ऊन लागायचं नाही पायाला.” मी म्हटलं, आई, प्रत्येक गोष्टीत मामा आणू नकोस. त्यावर ती कप उचलून आत गेली, आणि तिचं ते वाक्य मला घरी येईपर्यंत टोचत राहिलं.

पण त्याच आठवड्यात नौपाड्यातल्या एका दुकानाच्या काचेत मला तो जोड दिसला आणि मी बाकी सगळं विसरले. लोण्याच्या रंगाचा. उभ्या पट्ट्यावर बारीक बारीक भोकांची नक्षी, बकल मोत्याचं, टाच इतकी देखणी की हातात घेऊन बघत बसावी. नेहमीचा अडतीस नंबर घालून बघितला तर सैल लागला. पाऊल आत आहे असंच वाटेना. मी म्हटलं, सदतीस काढा.

“आता या वयात पाय लहान व्हायला लागले का?” नवऱ्यानं विचारलं. तो सोबत होता आणि कंटाळला होता.

“ह्यांची फिटिंग मोठी असेल.”

सदतीस कसा बसला म्हणून सांगू! घट्ट, धरून ठेवल्यासारखा, पाय पायाच्या जागी आहे असं अंगाला कळेल असा. मी दुकानात चार फेऱ्या मारल्या. कुठेही काचत नव्हतं, कुठेही घासत नव्हतं. “एक मिनिट, हा चावतच नाहीये!” मी म्हटलं. दुकानातली मुलगी म्हणाली, “मॅडम, माल चांगला आहे.” मी तो पायातच घालून घरी आले. खोबरेल नाही, कापूस नाही, मोजे नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा एखादा जोड पहिल्याच दिवशी माझा झाला होता.

आठवडाभर मी तोच घातला. ऑफिसात नाकं मुरडणाऱ्या बायकांनीसुद्धा विचारलं, कुठून घेतला म्हणून. त्यातली एक म्हणाली, दिवसभर त्यात राहतेस, पाय दुखत नाहीत? “अजिबात नाही,” मी म्हणाले, आणि ते अक्षरशः खरं होतं.

शुक्रवारी आईकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. पांढऱ्यावर बारीक निळ्या फुलांची साडी, फुग्याच्या बाह्या, केसात मोगरा आणि खाली तो लोण्याच्या रंगाचा जोड. रस्त्यात नेहमीसारखंच सगळं तुंबलेलं. डोंबिवलीत शिरल्यावर गाडी इंचभर हलेना, तेव्हा मी उतरले आणि उरलेला रस्ता चालत गेले. डांबर मऊ पडलं होतं. माणसं रुमाल डोक्यावर घेऊन सावली शोधत होती. मी मात्र रस्त्याच्या मधून टाचा वाजवत गेले आणि दुकानांच्या काचांत स्वतःला बघत गेले. इतक्या सुखात मी पुन्हा कधी चालले नाही.

दाराबाहेर बायकांच्या चपलांचा ढीग होता. मी माझा जोड त्या ढिगापासून लांब, जिन्याच्या कठड्याशी, नीट जुळवून ठेवला आणि आत गेले. भावानं नुकत्याच पांढऱ्या टाइल्स बसवून घेतल्या होत्या. समोर झोपाळ्यात गौर, पुढे कलिंगडाचं कमळ, कैरीची डाळ, भिजवलेले हरभरे. आईनं नमस्कार करायला लावला, वहिनीनं हातात पन्ह्याच्या पेल्यांचा ट्रे दिला आणि मी कामाला लागले. गौरीपासून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरापासून हॉल, अशा माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. बायका साडीचं कौतुक करत होत्या. मी खूश होते.

“अगंबाई, हे बघा,” शेजारच्या काकू म्हणाल्या.

पांढऱ्या फरशीवर लाल ठिपके होते. टिकलीएवढे, काही थोडे मोठे. दारापासून निघून ते गौरीपर्यंत आले होते आणि तिथून आत गेले होते.

“कुंकवाच्या ताटात पाय पडला वाटतं कुणाचा,” कोणीतरी म्हणालं.

“ताट तर वर आहे,” वहिनी म्हणाली.

“मग गौरच आली समजा,” काकू म्हणाल्या. “दारापासून झोपाळ्यापर्यंत, बघा ना, चालत आल्यासारखी.” दोन-तीन जणींनी हात जोडले. काकूंना गुडघ्यांचा त्रास, तरी त्या भिंतीला धरून वाकल्या, त्या ठिपक्याला बोट लावलं आणि ते बोट कपाळाला लावलं.

माझं लक्ष फरशीकडे. भावाच्या नव्या टाइल्स, त्यांना कुंकू बसलं की निघायचं नाही. “बायांनो, आपापले पाय बघा बरं जरा,” मी ट्रे हातात धरून आवाज चढवला. “कुणाच्या तरी पायाला लागलंय आणि घरभर चाललंय!”

सगळ्या जणी एकमेकींचे खांदे धरून, हसत, पाय वर करून आपापले तळवे बघायला लागल्या. वहिनी ओलं फडकं घेऊन आली आणि एक ठिपका पुसायला बसली. तिनं फडकं उलटून बघितलं. मग पुन्हा बघितलं. “आई,” ती हळूच म्हणाली, “कुंकू नाही हे.”

आई झोपाळ्यापाशी उभी होती. तिनं ठिपक्यांवरून नजर फिरवत फिरवत आणली. ती नजर माझ्यापाशी येऊन थांबली.

“तुझा पाय बघ.”

“माझे स्वच्छ आहेत गं.”

“बघ म्हणते ना.”

मी ट्रे तिच्याकडे दिला आणि उजवा पाय वर घेतला. मला वाटलं तो कुणा दुसरीचा पाय आहे. करंगळीच्या बाजूचं कातडं पार सरकलेलं होतं आणि खाली, बोटांच्या मुळाशी, एक मोठा फोड फुटून आतलं लाल मांस दिसत होतं. रक्त वाळून काळं झालेलं, त्यावर ताजं आलेलं. एका दिवसाचं काम नव्हतं ते. तो जोड आठवडाभर मला चावत होता, ऑफिसात, बाजारात, रस्त्याच्या मधून टाचा वाजवताना, आणि मला कळत नव्हतं.

काकूंच्या कपाळावर अजून ते बोट उमटलेलं होतं. त्यांना सांगायचं धाडस कोणाला झालं नाही.

आईनं मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं, पलंगावर बसवलं आणि दार लोटलं. ती खाली बसली आणि माझा पाय मांडीवर घेतला. बाहेर पुन्हा बोलण्याचा आवाज सुरू झाला होता, वहिनी सगळ्यांना डाळ वाढत होती. आईनं फोडाच्या कडेला बोट टेकवलं.

“दुखतंय?”

“नाही.”

तिनं जरा दाबलं. “आता?”

“नाही गं.”

“थोडंसुद्धा?”

हो म्हणावं असं फार वाटलं. तिच्या चेहऱ्याकडे बघून वाटलं की खोटं बोलावं, ओरडावं, लहानपणी आयोडीन लावताना घर डोक्यावर घ्यायचे तसं घ्यावं. पण माझ्या तोंडून आवाजच फुटेना. तेव्हा मी घाबरले. अशी घाबरले की दात वाजायला लागले, त्या उकाड्यात. आईनं माझं पाऊल दोन्ही हातांनी घट्ट धरलं, कोणी ते घेऊन जाईल अशा भीतीनं धरावं तसं. आणि तिनं किती घट्ट धरलंय हे मला तिच्या मनगटांच्या शिरांवरून समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खोपटला गेलो. एसटी डेपोच्या मागे एक पायांची डॉक्टर बसते, असं भावानं शोधून काढलं होतं. आई हट्टानं सोबत आली. डॉक्टर तरुण होती, माझ्याहून बरीच लहान. तिनं जखम धुतली, कडेचं मेलेलं कातडं कापून काढलं, खोल कुठे गेलंय का ते सळईसारख्या काहीतरी वस्तूनं बघितलं. मी छताकडे बघत होते आणि आई खुर्चीच्या हातांना धरून बसली होती.

“हाडापर्यंत नाहीये,” डॉक्टर म्हणाली. “पू नाही. वेळेत आलात, ताई. या पायावर भार द्यायचा नाही, रोज ड्रेसिंग, शुगर आटोक्यात आणायची. भरेल ही जखम.”

आईनं तिथल्या तिथे कुठल्या तरी देवाला हात जोडले. मला इतकं हलकं वाटलं की मी विचारून टाकलं, “मग सँडल परत कधी घालता येतील?” आई म्हणाली, “वेडी आहे का गं ही!” आणि आदल्या दिवसापासून पहिल्यांदा हसली. डॉक्टरही हसली. म्हणाली, ते आपण बघू, त्याआधी एक छोटी टेस्ट करू.

तिनं एक पेनासारखी दांडी आणली. तिच्या टोकाला नायलॉनचा बारीक, ताठ दोरा होता. आधी तो तिनं माझ्या मनगटाला टेकवला. गुदगुल्या झाल्या. “असंच पायाला करणार. डोळे मिटा. जिथे कळेल तिथे ‘हो’ म्हणायचं. अंदाजानं नाही, खरंच कळलं तरच.”

मी डोळे मिटले. लहानपणी शाळेत तोंडी परीक्षेला बसायचे तशी ताठ बसले. या परीक्षेत पास व्हायचं मी ठरवलं होतं. बाहेर एसटीचा कंडक्टर घंटा मारत होता, कोणीतरी नाशिक नाशिक ओरडत होतं, डोक्यावर पंखा खडखडत होता. डॉक्टर बहुतेक तयारी करत होती, तिच्या खुर्चीची चाकं इकडून तिकडे सरकल्याचा आवाज येत होता. मी वाट बघत होते. कानात प्राण आणावेत तसे मी तळव्यांत आणले होते. मनगटावरची ती बारीक गुदगुली आठवून ठेवली होती, म्हणजे ओळखता येईल. खूप वेळ झाला. एवढी कसली तयारी, मला राग यायला लागला. शेजारी आईच्या बांगड्या वाजल्या आणि तिनं पदर तोंडाशी धरला असावा असा काहीतरी आवाज आला.

“डॉक्टर, करा ना सुरू,” मी म्हणाले. “मी तयार आहे.”

मग खुर्ची मागे सरकली.

“डोळे उघडा, ताई,” डॉक्टर म्हणाली. “दोन्ही पायांचं झालंय बघून.”